निवडणुकीचं बिल, कॅशबॅक कुणाला?

गुलाल उडाला, हार पडले, जिंकलेला घरी गेला आणि हरलेलाही घरी गेला. आता मांडवाचं बिल कोण भरणार? लाउडस्पीकरचं? त्या प्लास्टिकच्या खुर्च्यांचं?

फ्रान्सचा उमेदवार म्हणेल, सरकार देईल की! कॅनडाचा म्हणेल, साठ टक्के सरकारचे. आयर्लंडचा म्हणेल, थोडेफार मिळतात. आणि चेन्नईचा? तो आपलाच खिसा चाचपेल. कारण भारतात प्रचाराच्या खर्चापोटी उमेदवाराला सरकारी तिजोरीतून रोख एक रुपयाही परत मिळत नाही.

मग विषय संपला? छे! मजा तर इथूनच सुरू होते. चला, चेन्नईहून निघू, बेळगाव, पॅरिस, डब्लिन, डेट्रॉइट असा फेरा मारू आणि परत चेन्नईला उतरू.

परत मिळतं ते डिपॉझिट!

लोकसभेला उभं राहायचं तर २५,००० रुपये, विधानसभेला १०,००० रुपये अनामत. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना याच्या निम्मी. जिंकलात तर परत. हरलात पण वैध मतांच्या एकषष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळवलीत तरी परत. नाहीतर जप्त!

माहीत आहे का? बरोब्बर एकषष्ठांश मतं मिळाली तरी डिपॉझिट जातं. कायदा म्हणतो, एकषष्ठांशाच्या ‘वर’ जा. एक मत इकडे की रक्कम तिकडे.

आणखी गंमत. सार्वत्रिक निवडणुकीत दोन मतदारसंघांतून उभे राहिलात आणि दोन्हीकडे दणदणीत जिंकलात, तरी अनामत एकाच ठिकाणची परत मिळते. दुसरी सरकारजमा. डबल विजय, सिंगल रिफंड!

जयललितांनी २००१ मध्ये तर चार मतदारसंघांतून अर्ज भरले होते. चारही बाद झाले. आणि तरीही त्या मे महिन्यात आमदार नसताना मुख्यमंत्री झाल्या. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती नेमणूक रद्द केली.

पहिल्या लोकसभा निवडणुकीत १,८७४ उमेदवारांपैकी ७४५ जणांची अनामत जप्त झाली होती. म्हणजे दर पाचांतले दोन. २०२४ मध्ये ८,३६० उमेदवार उभे होते आणि सुमारे ८६ टक्क्यांचं डिपॉझिट बुडालं. लोकशाही वाढली, बुडणारे त्याहून वेगानं वाढले.

शिस्तीचा हेडमास्तर टी. एन. शेषन आठवतात ना? एकेकाळी मद्रासच्या बससेवेचा कारभार पाहिलेला हा अधिकारी मुख्य निवडणूक आयुक्त झाला आणि खर्चाचा हिशेब न देणाऱ्या १,४८८ उमेदवारांना त्यानं तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं. निवृत्तीनंतर १९९७ मध्ये शेषन स्वतः राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले. त्यांना पाठिंबा कुणाचा, माहीत आहे का? मुंबईच्या शिवसेनेचा! के. आर. नारायणन यांनी सुमारे ९५ टक्के मतमूल्य मिळवलं आणि शेषन यांचं डिपॉझिट गेलं.

१,०३३ उमेदवार, एक खुर्ची

आता धरा घट्ट. १९९६, तामिळनाडू विधानसभा, इरोडजवळचा मोडाकुरिची मतदारसंघ. उमेदवार किती? १,०३३! आपल्या मागण्यांकडे कुणी बघत नाही म्हणून शेतकऱ्यांनी अर्जांचा पाऊस पाडला. मतपत्रिकेचं चक्क पुस्तक झालं. ८८ उमेदवारांना शून्य मतं पडली. म्हणजे स्वतःचंही मत स्वतःला नाही. १५८ जणांना प्रत्येकी एक. जिंकल्या द्रमुकच्या सुब्बुलक्ष्मी जगदीशन.

त्या वेळी विधानसभेची अनामत होती फक्त २५० रुपये. हजार माणसांचा हा गजर जेमतेम अडीच लाखांत झाला.

आणि त्याच वर्षी बेळगावात काय झालं, माहीत आहे का? लोकसभेला ४५६ उमेदवार! सीमाप्रश्नाकडे दिल्लीनं बघावं म्हणून मराठी माणसांनी अर्जांचंच आंदोलन केलं. आंध्रातल्या नलगोंडात तर ४८० झाले. सरकारनं मग घाईघाईनं अनामत वाढवली. लोकसभेची ५०० वरून थेट १०,०००, विधानसभेची २५० वरून ५,०००. पुढे २०१० मध्ये ती आजच्या आकड्यावर गेली. इरोडच्या आणि बेळगावच्या लोकांनी मिळून देशाचा निवडणूक कायदा बदलायला लावला, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असायला हवी.

अनामत वाढली तरी तामिळनाडूची हौस कायम. २०१४ मध्ये दक्षिण चेन्नईत ४२ उमेदवार होते. २०२४ मध्ये करूरमध्ये ५४. आणि अर्ज भरण्याच्या दिवसांत नाण्यांची पिशवी घेऊन डिपॉझिट भरायला येणारा एखादा तरी अपक्ष इथे हमखास भेटतो. मोजत बसतात बिचारे कारकून!

मेट्टूरचे के. पद्मराजन यांना भेटा. टायर दुरुस्तीचं दुकान. १९८८ पासून २०० हून अधिक निवडणुका लढवल्या, सगळ्या हरल्या. पंतप्रधानांविरुद्धही उभे राहिले. ‘इलेक्शन किंग’ ही पदवी मिळाली, लिम्का बुकात नाव लागलं. सर्वांत चांगली कामगिरी २०११ ची, मेट्टूरमध्ये ६,२७३ मतं. टायर पंक्चर होतो, उमेद नाही!

आता थेट चेन्नईतलं पेरांबूर. २०१९ च्या पोटनिवडणुकीत एका उमेदवारानं प्रतिज्ञापत्रात लिहिलं, हातात रोख १ लाख ७६ हजार कोटी रुपये आणि जागतिक बँकेचं कर्ज ४ लाख कोटी. पहिला आकडा टू-जी प्रकरणातला, दुसरा तामिळनाडू सरकारच्या कर्जाचा. प्रतिज्ञापत्रं कुणी तपासतच नाही, हे त्याला दाखवून द्यायचं होतं. दाखवलं! अर्ज मंजूर झाला.

मतदान यंत्राचं एक चेन्नई कनेक्शन सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही. जुन्या यंत्राच्या एका युनिटवर १६ बटणं, चार युनिटं जोडली की ६४. एप्रिल २०१७ मध्ये चेन्नईच्या आर. के. नगर पोटनिवडणुकीत ६२ उमेदवार उरले. अधिक ‘यांपैकी कुणीही नाही’ हा ‘नोटा’चा पर्याय, झाले ६३. एक बटण शिल्लक! आणखी दोघे टिकले असते तर कागदी मतपत्रिका छापाव्या लागल्या असत्या. भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये या यंत्राच्या घडणीत ज्यांचा मोठा हात होता ते अभियंते म्हणजे तमिळ विज्ञानकथांचे लाडके लेखक सुजाता, मूळ नाव एस. रंगराजन. रजनीकांतच्या ‘एंदिरन’ या रोबोटपटालाही त्यांच्या लेखणीचा स्पर्श आहे. एकच माणूस, रोबोटही आणि ईव्हीएमही.

आणि रजनीकांत? शिवाजीराव गायकवाड, घरची भाषा मराठी, मतदान चेन्नईत. ३१ डिसेंबर २०१७ ला पक्ष काढण्याची घोषणा केली, २९ डिसेंबर २०२० ला माघार घेतली. तीन वर्षं अख्खं राज्य वाट बघत होतं. डिपॉझिट भरलंच नाही, तर परत मिळण्याचा प्रश्न कुठे?

खुर्च्या मोजणारा कॅमेरा

पहिल्या निवडणुकीत बहुतेक राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा होती २५,००० रुपये. २०२२ मध्ये मोठ्या राज्यांसाठी ती ९५ लाख झाली, विधानसभेसाठी ४० लाख. पक्षाला मर्यादा किती? मुळीच नाही! उमेदवाराच्या खर्चाला कुलूप, पक्षाच्या खर्चाचं दार सताड उघडं. सर्वोच्च न्यायालयानं १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात म्हटलं होतं की उमेदवारासाठी पक्षानं केलेला खर्चही त्याच्याच खात्यात धरा. संसदेनं लगेच कायदा दुरुस्त करून तो निकाल निष्प्रभ केला. २००३ मध्ये सवलत बरीचशी नेत्यांच्या प्रवासापुरती आणली, पण पक्षाच्या एकूण खर्चाला लगाम आजही नाही. मला हे अजिबात पटत नाही.

उमेदवाराची वही मात्र बघण्यासारखी असते. आयोगच ती देतो. तीन भाग, तीन रंग. पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी पानं रोखीची, पिवळी पानं बँकेची. अर्ज भरण्याच्या निदान एक दिवस आधी निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडायचं. एका माणसाला १०,००० च्या वर रोख द्यायची नाही. प्रचाराच्या काळात किमान तीनदा वही तपासून घ्यायची. मंडपवाला आला, लिहा. रिक्षावर भोंगा लावला, लिहा. कार्यकर्त्यांनी फिल्टर कॉफी घेतली? लिहा!

आणि तुम्ही लिहिलं नाही तरी दुसरं कुणीतरी लिहितंय. आयोगाचं व्हिडिओ पथक सभेत शिरतं. कॅमेरा सुरू करतानाच आवाजी नोंद करतं, कोणता पक्ष, कोणती जागा, किती गाड्या, किती खुर्च्या, व्यासपीठ केवढं, बॅनर किती, कटआउट किती उंच. नेता भाषणात रंगलेला असतो आणि कॅमेरा खुर्च्यांवर! मग ही माहिती दुसऱ्या एका वहीत चढते. तिचं नाव आहे ‘छाया निरीक्षण नोंदवही’. उमेदवाराची वही आणि ही छायावही जुळली नाही, की नोटीस.

चहा, नाश्ता, बिर्याणी, हार, खुर्ची, जनरेटर, सगळ्यांचे दर जिल्हा निवडणूक अधिकारी आधीच ठरवून देतो. ‘आमच्या मावसभावानं मंडप फुकट दिला’ हे चालत नाही. फुकटातला मंडपही दरपत्रकानुसार खर्चात धरतात. चेन्नईत हा अधिकारी म्हणजे महापालिकेचे आयुक्त. बसतात कुठे? सेंट्रल स्टेशनजवळच्या त्या देखण्या पांढऱ्याशुभ्र रिपन बिल्डिंगमध्ये.

एवढा चोख हिशेब लिहून घ्यायचा आणि परत एक पैसाही द्यायचा नाही! बाहेरच्या देशांत याच वह्यांवर रिफंड निघतो. चला तिकडे.

पाच टक्क्यांची रेघ

राजकीय पक्षांना सरकारी पैसा देण्याची सुरुवात कुणी केली, माहीत आहे का? अमेरिकेनं नाही, ब्रिटननं नाही. उरुग्वेनं! साल १९२८.

फ्रान्सचा नियम ऐका. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत पाच टक्क्यांच्या वर मतं मिळाली की खर्चमर्यादेच्या ४७.५ टक्क्यांपर्यंत पैसे सरकार परत करतं. खाली राहिलात तर जेमतेम ४.७५ टक्के. २०२२ मध्ये व्हॅलेरी पेक्रेस यांना मिळाली ४.७८ टक्के मतं. अवघ्या पाव टक्क्यानं कोट्यवधी युरो हुकले! दुसऱ्याच दिवशी त्यांनी लोकांना मदतीचं आवाहन केलं, कारण त्यांच्या डोक्यावर व्यक्तिशः ५० लाख युरोंचं कर्ज होतं.

निकोला सारकोझी यांची गंमत उलटी. मतं भरपूर, पण २०१२ ला खर्च मर्यादेबाहेर गेला. जुलै २०१३ मध्ये घटनात्मक परिषदेनं हिशेब नामंजूर केला आणि सुमारे १.१ कोटी युरोंचा परतावा बुडाला. समर्थकांनी वर्गणी काढून तेवढी रक्कम जमवली. फ्रेंच वर्तमानपत्रांनी या वर्गणीला नाव दिलं ‘सार्कोथॉन’!

आता हाच फ्रेंच फॉर्म्युला दक्षिण चेन्नईला लावून बघू. २०२४ मध्ये तिथे द्रमुकला सुमारे ४७ टक्के मतं, भाजपला २६, अण्णा द्रमुकला १६ च्या जरा खाली आणि नाम तमिळर कच्चीला साडेसात. आपल्या नियमानं अण्णा द्रमुकच्या उमेदवाराचं डिपॉझिट गेलं. फ्रेंच नियमानं? चौघांनाही परतावा! ९५ लाखांच्या ४७.५ टक्के म्हणजे प्रत्येकी ४५ लाखांपर्यंत. चौघांचे मिळून एक कोटी ऐंशी लाख. तुमच्या-आमच्या करातून. आता सांगा, द्यावेत का? उत्तर देण्याआधी पुढचं वाचा.

कॅनडात दहा टक्के मतं मिळवा, साठ टक्के खर्च परत घ्या. १९७४ पासून परताव्याची पद्धत आहे. २०१७ मध्ये तिथल्या न्यायालयानं डिपॉझिटच घटनाबाह्य ठरवलं. मग काय! २०२५ मध्ये कार्लटनच्या मतपत्रिकेवर ९१ नावं आली आणि कागदाची लांबी मीटरभर झाली. त्याच वर्षी अल्बर्टातल्या एका पोटनिवडणुकीत २१४ उमेदवार उभे राहिले, तेव्हा आयोगानं सरळ कोरी मतपत्रिका दिली, नाव तुम्हीच लिहा! मोडाकुरिचीचा विक्रम मात्र अजून लांब आहे.

जर्मनीत सरकारी मदत पक्षाच्या स्वतःच्या कमाईहून जास्त मिळत नाही. म्हणजे कमाई फुगवली की मदत फुगली. एएफडी या पक्षानं २०१४ मध्ये काय केलं, माहीत आहे का? सोनं विकायला काढलं! नफा किती हा प्रश्नच नव्हता, उलाढाल वाढली की झालं. ‘दी पार्टाय’ या विनोदी पक्षानं त्यावर कडी केली. त्यांनी नोटाच विकल्या. पैसे देऊन पैसे विकत घ्या! अखेर कायदा बदलला आणि निव्वळ उलाढालीऐवजी खर्च वजा जाता उरलेलं उत्पन्न मोजायला लागले.

जपानमध्ये उमेदवाराची भोंगा लावलेली गाडी, तिचं पेट्रोल, ड्रायव्हरचा पगार आणि पोस्टरची छपाई यांचा खर्च ठरलेल्या मर्यादेत सार्वजनिक तिजोरीतून होतो. अट एकच, डिपॉझिट वाचलं पाहिजे. आणि ते आहे ३० लाख येन! पक्षांना दर नागरिकामागे २५० येनच्या हिशेबानं वेगळा निधी. पण तिथला कम्युनिस्ट पक्ष तो घेतच नाही. लोकांच्या कराचा पैसा त्यांच्या मर्जीशिवाय पक्षाला कसा द्यायचा, असं त्यांचं म्हणणं.

वराडचे वराडकर, बेळगावचे ठाणेदार

आता मराठी रक्ताकडे वळू. मालवण तालुक्यातलं वराड गाव. तिथल्या डॉ. अशोक वराडकरांचा मुलगा लिओ आयर्लंडचा पंतप्रधान झाला, २०१७ मध्ये पहिल्यांदा आणि २०२२ मध्ये पुन्हा. २०१९ च्या डिसेंबरमध्ये ते वराडला येऊनही गेले.

त्यांच्या देशातला नियम आपल्या विषयाचा हुकमी एक्का आहे. तिथे एका मतदारसंघातून अनेक खासदार निवडतात आणि जिंकायला मतांचा ठराविक कोटा गाठावा लागतो. जो निवडून येतो त्याला खर्च परत, आणि जो पडला पण कोट्याच्या एक चतुर्थांशाच्या वर गेला त्यालाही परत! १९९७ च्या कायद्यातली ही सोय. २०२० च्या निवडणुकीत परताव्याची कमाल रक्कम होती ८,७०० युरो. त्या निवडणुकीत वराडकर पंतप्रधान असूनही डब्लिन पश्चिममध्ये पाचव्या फेरीत निवडून आले. परताव्याला ते पात्र, आणि त्यांच्या विरोधात चिवटपणे लढून पडलेलेही पात्र. मला हा नियम मनापासून आवडतो. हरणाऱ्याच्या मेहनतीची किंमत तिथे शून्य नाही.

दुसरं टोक अमेरिकेत. श्री ठाणेदार, जन्म चिकोडीचा, वाढले बेळगावात. ‘ही श्रीची इच्छा’ हे त्यांचं आत्मचरित्र अनेक मराठी घरांत पोहोचलेलं. २०१८ मध्ये ते मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी पक्षांतर्गत निवडणुकीत उतरले. तिथे खर्चाची मर्यादा मान्य करणाऱ्या उमेदवाराला राज्याच्या निधीतून मदत मिळण्याची सोय आहे. ठाणेदारांनी स्वतःच्या खिशातून सुमारे एक कोटी डॉलर घातले. निकाल? तिसरा क्रमांक. पण गडी हटला नाही. २०२२ मध्ये डेट्रॉइटमधून थेट अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेला.

बराक ओबामांनी तर २००८ मध्ये सरकारी निधी नाकारला होता. प्रतिस्पर्धी जॉन मॅकेन यांनी तो घेतला, ८ कोटी ४१ लाख डॉलर. नाकारणाऱ्यानं देणग्यांमधून त्याच्या कितीतरी पट जमवले.

कपाटातली फाइल

भारतात हा विचार कुणी केलाच नाही? केला ना! तोही एकदा नाही.

१९९० च्या दिनेश गोस्वामी समितीनं म्हटलं, रोख नको, वस्तू द्या. गाडीला इंधन, लाउडस्पीकरचं भाडं, मतदारयादीच्या जादा प्रती. मग १९९८ मध्ये इंद्रजित गुप्ता समिती बसली. सदस्य कोण, माहीत आहे का? मनमोहन सिंग, सोमनाथ चटर्जी, विजयकुमार मल्होत्रा आणि मुंबईचे शिवसेना खासदार मधुकर सरपोतदार. एका टेबलाभोवती काँग्रेस, मार्क्सवादी, भाजप आणि शिवसेना!

या मंडळींनी सांगितलं, सरकारी मदत घटनेच्या चौकटीत बसते, न्याय्य आहे आणि लोकहिताची आहे. पण ती वस्तुरूपात द्या. इंधन, कागद, टपाल तिकिटं, टेलिफोन, लाउडस्पीकर. केंद्रानं दरवर्षी ६०० कोटी आणि सगळ्या राज्यांनी मिळून तेवढेच, असा निधी उभारा. मान्यताप्राप्त पक्षांनाच द्या, अपक्षांना नको. पद्मराजन यांना इथेही काही मिळालं नसतं!

फाइल कपाटात गेली. विधी आयोगानं १९९९ मध्ये म्हटलं, सगळा खर्च सरकारनं करायचा तर पक्षांना बाकीच्या देणग्या बंद करा. २०१५ मध्ये म्हटलं, संपूर्ण सरकारी खर्च सध्या व्यवहार्य नाही. माजी मुख्य निवडणूक आयुक्त एस. वाय. कुरेशी यांनी वेगळीच कल्पना मांडली, निवडणुकीनंतर मिळालेल्या प्रत्येक मतामागे पक्षाला १०० रुपये. मतं खरी, हिशेब सोपा आणि वाद घालायला जागा कमी.

थोडंफार मात्र खरंच मिळतं. दूरदर्शन आणि आकाशवाणीवर मान्यताप्राप्त पक्षांना १९९८ पासून फुकट वेळ. त्यांच्या उमेदवारांना मतदारयादीची मोफत प्रत. पक्षांच्या उत्पन्नाला करमाफी. रोख नाही, पण अगदी कोरडंही नाही.

तोवर चेन्नईत…

सरकार देत नाही, मग कोण देतं? कधीकधी मोठा भाऊ देतो. २०१९ च्या लोकसभेनंतर द्रमुकनं आयोगाला दिलेल्या हिशेबात मित्रपक्षांना दिलेले पैसे दिसले. भारतीय कम्युनिस्ट पक्षाला १५ कोटी, मार्क्सवाद्यांना १० कोटी, कोंगुनाडूच्या छोट्या पक्षाला १५ कोटी. तेनाम्पेटच्या अण्णा अरिवालयमनं, म्हणजे द्रमुकच्या मुख्यालयानं, तीन मित्रांचा प्रचार उचलला. हे जाहीर हिशेबात लिहिलं होतं म्हणून आपल्याला कळलं, त्याचं मला कौतुकच वाटतं.

निवडणूक रोखे आठवतात? १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं ती योजना रद्द केली. सर्वांत जास्त रोखे घेणारी कंपनी निघाली लॉटरीवाली फ्युचर गेमिंग, १,३६८ कोटी! तिच्याकडून द्रमुकला ५०९ कोटी. अण्णा द्रमुकला मिळाले ६ कोटी ५ लाख, आणि त्यातला मोठा वाटा कुणाचा, माहीत आहे का? चेन्नई सुपर किंग्ज क्रिकेट लिमिटेडचा! धोनीच्या मैदानाबाहेरचा षटकार.

आणि काही पैसे असे असतात की त्यांची पावतीच नसते. एप्रिल २०१७ मध्ये आर. के. नगरची पोटनिवडणूक मतदानाच्या तोंडावर रद्द झाली. आयकर छाप्यांत ८९ कोटी रुपयांच्या वाटपाच्या नोंदी असलेले कागद सापडले होते. डिसेंबरमध्ये पुन्हा मतदान झालं. एप्रिलमध्ये टी. टी. व्ही. दिनकरन यांचं चिन्ह होतं टोपी, डिसेंबरात मिळाला प्रेशर कुकर. कुकरनं जोरदार शिट्टी मारली आणि ते अपक्ष म्हणून जिंकले. मतं पडली ८९,०१३. पुन्हा ८९! निव्वळ योगायोग, पण लक्षात राहणारा.

२०१९ मध्ये वेल्लोर. पैशांच्या वापरामुळे लोकसभेची निवडणूक रद्द होण्याची देशातली पहिली वेळ. १६ एप्रिलला आदेश निघाला, मतदान झालं ५ ऑगस्टला. त्याआधी २०१६ मध्ये अरवकुरिची आणि तंजावरच्या विधानसभा जागांवर हेच झालं होतं. आता विचार करा, या जागांवर एखादा सरळमार्गी उमेदवार पै-पै जोडून प्रचार करत होता. वाटप केलं दुसऱ्यानं, निवडणूक रद्द झाली सगळ्यांची. त्याची पत्रकं वाया, रिक्षा-भोंग्याचं भाडं वाया, काही महिन्यांनी पुन्हा पहिल्यापासून खर्च. ते पैसे त्याला कोण परत देणार? कायद्यात सोयच नाही!

म्हणून माझं मत ठाम आहे. इंद्रजित गुप्ता समितीची फाइल कपाटातून काढा. रोख नका देऊ, कागद द्या, छपाई द्या, इंधन द्या, आणि अपक्षांनाही मतांच्या एखाद्या रेघेवर आयर्लंडसारखा थोडा परतावा द्या. पक्षाच्या खर्चालाही मर्यादा घाला. दक्षिण चेन्नईचे ते एक कोटी ऐंशी लाख मला महाग वाटत नाहीत. ८९ कोटींच्या यादीपुढे तर मुळीच नाहीत.

एक रुपया आहे का खिशात?

शेवटची गोष्ट, आणि ही कापून ठेवा.

निकालानंतर ३० दिवसांत प्रत्येक उमेदवाराला खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावाच लागतो, जिंकलेल्याला आणि हरलेल्यालाही. दिला नाही तर तीन वर्षं निवडणूक बंद होऊ शकते. हिशेब आला की दोन दिवसांत कार्यालयाच्या फलकावर सूचना लागते. आणि मग तो हिशेब कुणालाही बघता येतो. पांढरी, गुलाबी, पिवळी, सगळी पानं! १९६१ च्या निवडणूक नियमांत त्याची फी लिहिली आहे, एक रुपया.

चेन्नईत राहत असाल तर रिपन बिल्डिंग गाठा. पुणे, नाशिक, सिंधुदुर्गात असाल तर जिल्हाधिकारी कार्यालय. पुढच्या निकालानंतर महिनाभरानं एकदा जाऊन या, आणि तुमच्या आमदारानं मांडवाचं, खुर्च्यांचं आणि बिर्याणीचं बिल किती दाखवलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.